ब्रेस्ट कॅन्सरच्या स्लाइड्सवर मॉडेल ९८ टक्के, पण आपल्याकडच्या स्लाइड्सना सरसकट कॅन्सर म्हणतंय. का?

वऱ्हाडी_कोडर

नमस्कार मंडळी. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट घेतलाय बायोप्सीच्या फोटोवरून ब्रेस्ट कॅन्सर ओळखण्याचा. डेटा ब्रेकहिसचा, ब्राझीलमधला आहे, ७,९०९ फोटो, फुकट मिळतो म्हणून बहुतेक सगळे तोच घेतात. रेसनेट-५० हे फोटो ओळखणारं तयार मॉडेल घेतलं, इमेजनेट या रोजच्या फोटोंच्या मोठ्या संग्रहावर आधीच शिकलेलं, त्याला या डेटावर फाइन-ट्यून केलं म्हणजे पुढे शिकवलं, रँडम ८०-२० स्प्लिट (८० टक्के फोटो शिकवायला, २० टक्के टेस्टला), ४०एक्सचे फोटो, टेस्टवर ९८ टक्के आले, गाइड सर खूश.

मग ओळखीने इथल्या एका हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजीतल्या मॅडमनी जुन्या स्लाइड्स दाखवल्या, लेबल झाकून मायक्रोस्कोपला मोबाइल लावून फोटो काढू दिले. त्यात फायब्रोअ‍ॅडिनोमाच्या बऱ्याच होत्या, म्हणजे साधी गाठ, कॅन्सर नाही. मॉडेल सगळ्यांना मॅलिग्नंट, म्हणजे कॅन्सर, म्हणतंय, तेही ०.९९ कॉन्फिडन्सने. कलर नॉर्मलायझेशन, म्हणजे सगळ्या फोटोंचे रंग एकसारखे, करून पाहिलं, फार फरक नाही.

माझ्या मावशीच्या वेळी गावाकडच्या रिपोर्टमध्ये शंका होती, तेव्हा ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) घेऊन मुंबईला टाटाला जाऊन रिव्ह्यू करून घ्यावा लागला. ते दिवस घरात सगळ्यांनी कसे काढले ते आम्हालाच माहीत. म्हणून विषय नुसता मार्कांसाठी घेतलेला नाही, खरंच चालेल असं काहीतरी करायचंय. नेमकं कुठे गंडतंय?

हिस्टोवाला

मी हिस्टोपॅथ लॅबमध्ये टेक्निशियन आहे, कोडिंगमधलं मला काही कळत नाही, पण तुझ्या फोटोच्या आधी काय काय होतं ते सांगतो, कारण तुमच्या फील्डमधली पोरं लॅबमध्ये येतात तेव्हा थेट स्लाइडपासूनच सुरुवात करतात.

गाठ काढली की ती १० टक्के बफर्ड फॉर्मेलिनमध्ये पडायला पाहिजे, तुकड्याच्या निदान दहापट फॉर्मेलिन पाहिजे. प्रत्यक्षात मोठी गाठ अख्खीच्या अख्खी छोट्या बरणीत कोंबून येते, वर बोटभर फॉर्मेलिन, आणि फॉर्मेलिन आत जातं तासाला जेमतेम एक मिलिमीटर, म्हणजे आतला भाग तोवर खराब व्हायला लागलेला असतो, न्यूक्लियस फिसकटल्यासारखे दिसतात. पुढे अल्कोहोल, झायलीन, पॅराफिन, मग ब्लॉक. मायक्रोटोमवर ३-४ मायक्रॉनचा काप घ्यायचा, रिबन कोमट पाण्यावर सोडायची, तिथून स्लाइडवर उचलायची. ब्लेड बोथट असेल तर आडव्या रेघा येतात, उचलताना हात हलला तर घडी पडते, काप जाड आला तर सगळे न्यूक्लियस काळेभोर दिसतात, आणि कॅन्सरच्या पेशींचे न्यूक्लियस मोठे नि गडद असतात हे तुझ्या मॉडेलनेही शिकलेलं असणारच ना?

आणि स्टेन. हिमॅटॉक्सिलिनने न्यूक्लियस निळा-जांभळा, इओसिनने बाकीचं गुलाबी, एवढं पुस्तकात असतं. पण हिमॅटॉक्सिलिन किती जुनं, सकाळी गाळलं का, ब्लूइंगला नळाचं पाणी की अमोनिया, किती सेकंद बुडवलं, यावर रंग बदलतो. आमच्याच लॅबमध्ये सोमवारची पहिली रॅक आणि शनिवारची शेवटची रॅक शेजारी ठेवली तर वेगळी दिसते. जुन्या स्लाइड्सचा रंग उडतो ते वेगळंच. त्या मॅडमना विचार, ब्लॉक असतील तर नवीन काप घेऊन ताजा स्टेन करून देतील का, फरक डोळ्यांनी दिसेल.

पेशीगणक

हिस्टोवाले दादा, पहिल्यांदाच कुणीतरी हे इतकं नीट लिहिलंय, माझ्या पीएचडीच्या पहिल्या वर्षात हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

वऱ्हाडी, आता डेटाबद्दल. ब्रेकहिसमध्ये फोटो ७,९०९ असले तरी पेशंट फक्त ८२ आहेत. तू रँडम स्प्लिट केलंस म्हणजे एकाच बाईच्या एकाच गाठीचे काही फोटो ट्रेनमध्ये आणि काही टेस्टमध्ये गेले. परीक्षेआधी पेपर फुटल्यासारखं आहे ते. मॉडेल त्या पेशंटचा रंग आणि पोत ओळखतंय, कॅन्सर ओळखतंय की नाही हे त्या ९८ टक्क्यांतून कळतच नाही. फाइलच्या नावात पेशंटचा नंबर असतो, त्याने स्प्लिट कर, मग खरा आकडा येईल.

दुसरं, ज्यात निम्मी पोरं अडकतात. ब्रेकहिसमधलं ४०एक्स म्हणजे ४ची ऑब्जेक्टिव्ह गुणिले १०चा आयपीस. तू मॅडमच्या मायक्रोस्कोपला ४०ची ऑब्जेक्टिव्ह लावून फोटो काढले असशील तर ते ब्रेकहिसच्या हिशेबाने ४००एक्स झाले, मॉडेलने पाहिलेल्यापेक्षा दहापट मोठे न्यूक्लियस. स्लाइड स्कॅनरवाले ४०एक्स म्हणतात तेव्हा पुन्हा ऑब्जेक्टिव्हच धरतात, साधारण पाव मायक्रॉनला एक पिक्सेल. त्यामुळे एक्सवर विसंबूच नको, एक पिक्सेल म्हणजे किती मायक्रॉन ते धर. स्टेज मायक्रोमीटर (बारीक मोजपट्टी कोरलेली स्लाइड) मिळतो, त्याचा एक फोटो काढून मोज.

०.९९ने घाबरू नको. मॉडेलला दोनच उत्तरं शिकवलीयेत, कधीच न पाहिलेलं समोर आलं तरी दोनातलं एक देणारच, आणि तुझ्या डेटात ७,९०९ पैकी ५,४२९ मॅलिग्नंट आहेत, त्यामुळे कल तिकडेच. शिवाय मोबाइल आपल्या मनाने शार्पनिंग करतो, व्हाइट बॅलन्स बदलतो, कडेला काळं वर्तुळ येतं.

कलर नॉर्मलायझेशनने का भागत नाही यावर २०२१ साली नेचर कम्युनिकेशन्समध्ये शिकागो विद्यापीठातल्या गटाचा पेपर आलाय, जरूर वाच. टीसीजीए नावाचा जो प्रचंड अमेरिकन डेटा आहे त्यात नुसती स्लाइड बघून ती कुठल्या हॉस्पिटलची हे मॉडेलला ओळखता येतं, रंग सारखे केल्यानंतरही येतं. आता हॉस्पिटल बदललं की पेशंट बदलतात, म्हणजे वंश बदलतो, स्टेज बदलते, किती जण जगले तेही बदलतं, तर मॉडेल हॉस्पिटल ओळखून उत्तर देतं आणि आपल्याला वाटतं बायोलॉजी सापडली. म्हणून टेस्ट नेहमी वेगळ्या हॉस्पिटलवर करायची. तू ती केलीस आणि निकाल लपवला नाहीस, छापलेल्या कितीतरी पेपरांत एवढंही नसतं.

डॉ_स्ट्रोमा

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. मला मुळात प्रश्नच थोडा बदलावासा वाटतो. "कॅन्सर आहे की नाही" हे बऱ्याच स्लाइड्सवर आम्हाला पटकन कळतं. वेळ जातो तो वेगळ्याच ठिकाणी.

तुझ्या डेटात नॉर्मल ब्रेस्टचं टिश्यूच नाहीये बघ. बिनाइनमध्ये, म्हणजे कॅन्सर नसलेल्या गाठींत, अ‍ॅडिनोसिस, फायब्रोअ‍ॅडिनोमा, फायलॉइड्स, ट्युब्युलर अ‍ॅडिनोमा, बस. ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस (स्तनातली एक प्रकारची सूज) नाही, टीबी नाही, आणि आपल्याकडे गाठ म्हणून आलेल्या बाईत हे दोन्ही निघतात. स्क्लेरोझिंग अ‍ॅडिनोसिस एका छोट्या चौकोनात पाहिलं तर हुबेहूब कॅन्सरसारखं वाटतं. तिथे आम्ही ग्रंथींभोवतीचा मायोएपिथेलियल पेशींचा थर शाबूत आहे का ते बघतो (आत घुसणाऱ्या कॅन्सरमध्ये तो नसतो), शंका असली तर त्या पेशी दाखवणारा पी६३चा इम्युनोस्टेन लावतो. लो पॉवरवर गाठीची कड बघतो, ती भोवतालच्या चरबीत घुसलीय की तिला बाजूला सारतेय. ७०० बाय ४६० पिक्सेलच्या एका फोटोत ही कड बहुतेक वेळा येतच नाही. मला असा एकच फोटो दाखवून कुणी निदान विचारलं तर मीसुद्धा सही करणार नाही.

मशीनचा खरा उपयोग कुठे होतो ते सांगते. नेदरलँड्सच्या कॅमेलियन१६ स्पर्धेत लिम्फ नोडमधला पसरलेला ब्रेस्ट कॅन्सर शोधायचा होता, निकाल २०१७ साली जामा या वैद्यकीय नियतकालिकात आले. १२९ स्लाइड्स, ११ पॅथॉलॉजिस्टना रोजच्या कामासारखी वेळेची मर्यादा घातलेली, त्यांचा सरासरी एयूसी (अचूकतेचं माप, १ म्हणजे बिनचूक) ०.८१० आणि सर्वोत्तम अल्गोरिदमचा ०.९९४. बातम्यांत एवढंच आलं. पण त्याच पेपरात एका पॅथॉलॉजिस्टने वेळेचं बंधन न ठेवता साधारण तीस तास घेऊन त्याच स्लाइड्स पाहिल्या, तिथे ०.९६६ आला. म्हणजे घाईत सुटतात त्या दोन मिलिमीटरच्या आतल्या गाठी, आणि ज्या देशात एकेका टेबलावर ट्रेच्या ट्रे साचलेल्या असतात तिथे "इथे जरा पुन्हा बघा" एवढं जरी मशीनने सांगितलं तरी कुणाची तरी स्टेज बरोबर लागते. २०२१ साली अमेरिकेच्या एफडीएने पेज प्रोस्टेट या सॉफ्टवेअरला परवानगी दिली तीही अशीच, संशयाची जागा दाखवायला, निदान पॅथॉलॉजिस्टचंच.

दुसरी जागा हर-२, म्हणजे कॅन्सरच्या पेशीवरचं एक प्रथिन, स्टेन बघून त्याला ० ते ३+ असा गुण देतात. पूर्वी ० आणि १+ मध्ये गल्लत झाली तरी ट्रीटमेंट तीच, दोन्ही निगेटिव्ह. २०२२ मध्ये डेस्टिनी-ब्रेस्ट०४ या क्लिनिकल ट्रायलचे निकाल आले आणि १+वाल्या, पुढे पसरलेला कॅन्सर असलेल्या बाईला ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकान हे औषध मिळू शकतं की नाही हे त्या फिकट तपकिरी रेषेवर ठरायला लागलं. त्या रेषेवर दोन चांगले पॅथॉलॉजिस्टसुद्धा एकमत होत नाहीत, मी रोज बघते. तिथे कुणी मोजून मदत केली तर मला हवीच आहे.

वऱ्हाडी_कोडर

मॅडम, दादा, पेशीगणक सर, मनापासून आभार. पेशंटनुसार स्प्लिट केलं, ९८चे ऐंशीच्या घरात आले. आणि हो, फोटो ४०च्या ऑब्जेक्टिव्हचेच होते. सरांना दाखवलं, ते म्हणाले रिपोर्टमध्ये दोन्ही आकडे टाक. आता कॅन्सर हो-नाही सोडून न्यूक्लियस मोजण्याचं काहीतरी करावं म्हणतोय. डेटा कुठला घेऊ? कॉलेजात एकच जीपीयू आहे.

पेशीगणक

मोनुसेग घे. संशोधक अमित सेठी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली काढलेला, सात अवयवांच्या १,००० बाय १,००० पिक्सेलच्या ३० इमेजेस, आणि त्यात २१ हजारांवर न्यूक्लियसच्या कडा हाताने आखलेल्या. एका जीपीयूवर आरामात चालतं, यू-नेट या मॉडेलने सुरुवात कर. टेस्टला एखादा अवयव पूर्ण बाहेर ठेव, म्हणजे न पाहिलेल्या टिश्यूवर काय होतं ते दिसेल. कॅमेलियनचा डेटाही खुला आहे पण एकेक स्लाइड जीबीत असते, डाउनलोडलाच सेमिस्टर जाईल.

डॉ_स्ट्रोमा

एक राहिलं. तुमच्या इथल्या स्लाइड्स वापरणार असशील तर ओळखीवर काम करू नको, त्या मॅडमना को-गाइड म्हणून घे आणि त्यांच्या संस्थेच्या एथिक्स कमिटीकडे रीतसर अर्ज कर. आयसीएमआरची २०२३ची एआयसाठीची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, ती अर्जाआधी वाच. आणि पुढेमागे स्कॅनरची फाइल हातात आली तर लक्षात ठेव, टिश्यूच्या इमेजबरोबर स्लाइडच्या लेबलचा फोटोही बऱ्याचदा त्याच फाइलमध्ये असतो, बाईचं नाव आणि केस नंबर स्पष्ट वाचता येतो. फाइलचं नाव बदलून ते जात नाही, लेबलची इमेज वेगळी काढून टाकावी लागते. ते केल्याशिवाय ड्राइव्हवर काहीही चढवू नको.

हिस्टोवाला

आणि ताज्या कापाचं विचारशील तेव्हा एकाच ब्लॉकचे दोन काप माग, एक नेहमीचा आणि एक मुद्दाम जाड, सहा-सात मायक्रॉनचा. दोन्हीवर तुझं मोजणं चालवून बघ आणि काय आलं ते इथे टाक, मलाही बघायचंय.