मदत हवी आहे: फवारणीची विषबाधा, भाऊ बरा दिसतोय, तरी डिस्चार्ज का नाही?

परवा दुपारी धाकटा भाऊ प्रोफेनोफॉस हे कीटकनाशक फवारत होता. पंप पाठीवर गळत होता, शर्ट भिजला, त्याला वाटलं घामच. मध्ये नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकलं. तासाभरात डोकं दुखायला लागलं, मळमळ सुरू झाली. ऊन लागलं समजून आम्ही त्याला सावलीत बसवून ठेवलं, हा आमचा गाढवपणा. मग उलट्या, तोंडातून लाळेची तार, दरदरून घाम. दंडाचे स्नायू कातडीखाली किडे वळवळल्यासारखे फडफडत होते. डोळ्यांत बॅटरी मारली तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या!

कपडे काढून साबणाने अंघोळ घातली आणि बाटलीसकट दवाखाना गाठला. लेबल बघून डॉक्टरांनी विषावर उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन सुरू केलं, छातीतली घरघर थांबेपर्यंत दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट. रात्री तो बरळत होता, चादरीवरून नसलेलं काहीतरी वेचत होता. सिस्टर म्हणाल्या, औषधाने होतं असं.

आज नीट बोलतोय. तरी अजून दोन-तीन दिवस थांबा म्हणतात. खरंच गरज आहे का? आणि काका म्हणतात तसं लगेच दूध पाजून उलटी काढायला हवी होती का?

प्रतिसाद १:
अजिबात घरी नेऊ नका. प्रोफेनोफॉस ज्या गटातलं आहे त्या ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांच्या विषबाधेत पहिली लक्षणं ओसरल्यावर, साधारण २४ ते ९६ तासांत, मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. त्यावर अ‍ॅट्रोपिन चालत नाही, व्हेंटिलेटर लागू शकतो. तुम्ही नेमके त्या काळात आहात. उताणं झोपवून उशीवरून डोकं उचलून धरायला सांगा. जमत नसेल तर लगेच डॉक्टरांना बोलवा.

दूध पाजलं नाहीत ते उत्तम केलंत. उलटीही मुद्दाम काढायची नसते, फवारणीच्या औषधातलं सॉल्व्हंट (ते ज्यात विरघळवलेलं असतं तो द्रव) फुप्फुसात गेलं तर वेगळंच संकट.

प्रतिसाद २:
तो शर्ट कुठे आहे? नुसत्या हाताने धुऊ नका. मी तर टाकूनच देईन.

धागाकर्ता:
शर्ट पिशवीत बांधून अजून गाडीच्या डिकीतच आहे, बरं झालं विचारलंत.
आत्ता करून बघितलं. डोकं उचलतो, पण तीन-चार सेकंदांत खाली पडतं. सकाळी तर त्यानेच डोकं उचलून उशी उलटी करून घेतली होती. सिस्टर डॉक्टरांना बोलवायला गेल्या आहेत.