दीड लाखाचा ओएलईडी आणि नागपूरचा मे महिना: पैसे वसूल की नुसती हौस?

मनीषनगरवाला:
गेल्या दिवाळीत ६५ इंची ओएलईडी टीव्ही घेतला. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा हिंमत झाली. सीताबर्डीतून उचलला, तरी दीड लाखाच्या वर गेलाच. आता मे चालू आहे आणि माझं मत असं बनलंय, की हा टीव्ही रात्री राजा आणि दुपारी आरसा.

रात्रीचं आधी सांगतो. यात मागून उजेड पाडणारा बॅकलाइट नसतो. प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो, स्वतः विझतो, म्हणून काळं म्हणजे खरंच काळं. पहिल्याच रात्री सिनेमा सुरू होण्याआधी पडदा असा काळा झाला, की बायको म्हणाली, "लाईन गेली का?"

आणि दुपारी? हॉलच्या खिडकीत कूलर. समोरचं दार उघडं ठेवावंच लागतं, हवा बाहेर गेली नाही तर घरभर चिपचिप. त्या दारातून येणारं ऊन सरळ टीव्हीच्या काचेवर. थ्रिलरमधला अंधाराचा सीन आला की नायकाऐवजी बनियानातला मीच दिसतो. वरून कूलरची घरघर. या पातळ टीव्हीचे स्पीकर खाली तोंड करून पुटपुटतात, अर्धे संवाद गडप. साउंडबारचे पैसे वेगळे.

तर म्हणणं एवढंच: आपल्याकडच्या हॉलला मिनी एलईडी, म्हणजे मागे बारीक दिव्यांचा बॅकलाइट असलेला टीव्हीच बरा. उजेड जास्त फेकतो, उन्हाशी टक्कर देतो. ओएलईडी बेडरूमवाल्यांनी घ्यावा. पटत नसेल तर बोला.

पडदापार्टी:
अजिबात पटत नाही. दारासमोरची भिंत टीव्हीला दिली कोणी? बाजूच्या भिंतीवर घ्या, अर्धं रडगाणं तिथंच संपेल.
मिनी एलईडी मी दोन वर्षं वापरला. त्यात बॅकलाइटचे भाग पाडलेले असतात, ठिपक्याठिपक्यावर ताबा नसतो. काळ्या पडद्यावर पांढरी सबटायटल्स आली की भोवती धुरकट वलय. आणि आपल्या हॉलमध्ये माणसं काय रांगेत बसतात? एक दिवाणावर, दोन सतरंजीवर, एक पार दाराशी मोढ्यावर. बऱ्याच एलईडीत कोपऱ्यातून पाहिलं की रंग फिके पडतात. माझ्या आताच्या ओएलईडीवर मोढ्यावरच्यालाही तेच चित्र दिसतं.

ट्यूबवाला६१:
काहून एवढं भांडून राहिले बाप्पा? आधी हे सांगा, पाहता काय? आमच्याकडे दिवसभर सेट-टॉप बॉक्सवर बातम्या. साधं एसडी चॅनल म्हणजे ७२० गुणिले ५७६ ठिपके. तुमच्या फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०. गुणून पाहिलं, बरोब्बर वीस पट! म्हणजे एका खऱ्या ठिपक्यामागे एकोणीस टीव्हीनं मनानं भरलेले. निवेदकाचा चेहरा मेणाचा दिसून राहिला तर त्यात नवल काय? नेटफ्लिक्सवरही फोर-के पाहायचं तर सगळ्यात महागडा प्लॅन घ्या. मले माझा ४३ इंची पुरे.

पडदापार्टी:
@ट्यूबवाला६१ काका, हे मात्र मान्य. एसडी पाहणाऱ्यानं ओएलईडी घेणं म्हणजे सावजीत जाऊन दहीभात मागवणं.

धरमपेठची_सून:
मी तीन वर्षं ओएलईडीसोबत राहतेय, म्हणून लिहिते. सासरे सकाळी सहापासून एकच न्यूज चॅनल लावतात. आता क्रिकेट लागलं की हिरव्या मैदानावर खाली 'ब्रेकिंग'च्या पट्टीची फिकट सावली दिसते. बाद झालेला फलंदाज निघून जातो, पट्टी तिथंच. कंपनीला फोन केला, तर म्हणे बर्न-इन, म्हणजे पडद्यावर कायमची उमटलेली अशी सावली, वॉरंटीत बसत नाही. एवढे पैसे देऊन घरच्यांनी काय पाहायचं यावर पहारा ठेवायचा का? माझं मत सरळ विरोधात.

रिमोटमास्तर:
ताई, एक विचारतो. रात्री टीव्ही रिमोटनं बंद करता की भिंतीवरच्या बोर्डावरून?

धरमपेठची_सून:
बोर्डावरून. सासूबाई झोपण्याआधी घरातले सगळे बोर्ड बंद करतात. का?

रिमोटमास्तर:
तिथंच घोळ आहे. ओएलईडी चार-एक तास चालला, की रिमोटनं बंद केल्यावर तो गुपचूप ठिपक्यांची दुरुस्ती करतो. जास्त झिजलेले, कमी झिजलेले पाहून हिशेब जुळवतो. त्याला स्टँडबायची वीज लागते. तुम्ही रोज बोर्ड बंद केला, म्हणजे तीन वर्षं ते कामच झालं नसणार. चोवीस तास एकच पट्टी ठेवली तर ही दुरुस्तीही पुरी पडत नाही, पण फरक पडतो. आता जूनमध्ये विजा कडाडायला लागल्या की प्लग काढावाच, त्यात वाद नाही. एरवी रिमोटनं बंद करा, अर्धा तास थांबा, मग हवा तर बोर्ड.

ट्यूबवाला६१:
म्हणजे दीड लाख द्या आणि वर त्याच्या झोपेची वाट पाहत बसा. हव ना जी, लय प्रीमियम!

धरमपेठची_सून:
दुकानात कोणी एका शब्दानं सांगितलं नाही हे.

मनीषनगरवाला:
हे वाचून आत्ता उठून हॉलमध्ये गेलो. बोर्ड बंद! बाबांना विचारलं, तर म्हणाले, "लाल दिवा रात्रभर जळतो, बिल काय तू भरतोस?" बिल मीच भरतो. स्टँडबायला अर्धा वॉट धरला तरी वर्षाला चार-पाच युनिट, हेही सांगून पाहिलं. बटणावर चिकटपट्टी लावून आलोय, उद्या सकाळी टिकते का पाहतो. आणि पडदापार्टी, बाजूच्या भिंतीला तिजोरीचं कपाट आहे, ते हलवायला कधी येताय?