पेट्रोल इंजिनातलं काळं: कार्बन, धूलिकण की काजळी?

आयटीआयच्या मोटर मेकॅनिक शाखेतल्या मुलांसाठी एक छोटी पुस्तिका मराठीत लिहितोय. विषय आहे पेट्रोल गाडीच्या धुरातले घन कण. पहिल्याच वाक्याला अडलोय. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं की जे काळं बोटाला लागतं, त्याला गॅरेजात ‘कार्बन’ म्हणतात आणि पेपरात ‘धूलिकण’. मला ‘काजळी’ म्हणायचंय. कारणं सांगतो, तुमचं मत कळवा.

‘धूलिकण’ मला मुळीच पटत नाही. धूळ होते ती मोठ्याचं बारीक होऊन: दगड झिजतो, रस्ता उखडतो, माती दळली जाते. काजळीचं नेमकं उलटं आहे. ज्योतीत हवा अपुरी पडली की इंधनाचे रेणू तुटतात, त्यातून अ‍ॅसिटिलीनसारखे छोटे तुकडे होतात, त्यांची बेंझिनसारखी वलयं जुळतात, वलयाला वलय लागून पापुद्रे होतात आणि पापुद्रे एकमेकांवर बसून गोळी तयार होते. हे सगळं काही हजारांश सेकंदांत. जी वस्तू वायूतून घडत मोठी झाली तिला धूळ म्हटलं, तर मुलांना तिचा जन्मच उलटा शिकवल्यासारखं होईल.

‘कार्बन’ला माझी हरकत वेगळी आहे. ते मूलद्रव्याचं नाव. हिराही कार्बन आणि पेन्सिलीतलं शिसंही कार्बनच. शिवाय या काळ्यात नुसता कार्बन नसतो. पक्क्या काजळीतही दर आठेक कार्बन अणूंमागे एखादा हायड्रोजन सापडतो, आणि अंगावर न जळलेलं पेट्रोल, इंजिन ऑइलचे अंश, बेंझोपायरीनसारखी घातक संयुगं माखलेली असतात.

सांगलीहून:

सर, तुमचं बरोबर असेल, पण पोरं उद्या गॅरेजात येणार आणि मिस्त्री ‘प्लगला कार्बन धरलाय’ असंच म्हणणार. तो शब्द पुस्तिकेतून काढू नका. मात्र एक सांगतो, 22 वर्षं प्लग बघतोय. प्लग काढला आणि टोक फिकट तपकिरी दिसलं तर गाडी ठीक. कोरडं, मऊ, बोटाने पुसलं जाणारं काळं असेल तर मिक्श्चर रिच आहे, पेट्रोल जास्त जातंय. ओलं, चकचकीत, तेलकट काळं असेल तर ऑइल वर येतंय, पिस्टनच्या रिंगा बघायच्या. आम्ही दोन्हीला कार्बनच म्हणतो. काजळी म्हणायचंच तर पहिल्याला म्हणा, दुसऱ्याला नको. आणि जुनं घट्ट बसलेलं, जे स्क्रू ड्रायव्हरने खरवडावं लागतं, ते कीट.

रत्नागिरीहून:

आमच्याकडे काजळी ही नदीसुद्धा आहे, भाट्याच्या खाडीला मिळते. पण ते असो. माझी आजी घरी काजळ धरायची. एरंडेलाची वात, दोन्ही बाजूंना पालथ्या वाट्या, त्यांवर तांब्याची ताटली उपडी. तासाभराने ताटली उलटली की आत मखमलीसारखं काळं बसलेलं असायचं. फुंकर मारायला बंदी. मी एकदा त्यावर पाण्याचा थेंब सोडला, तो गोल होऊन नुसता घरंगळत राहिला, काळं ओलं होईना. आजीने तुपाचं बोट लावलं तसं तूप लगेच मुरलं. त्या तुपात खललेलं ते काजळ. ताटलीवर जमलेलं, अजून तूप न पडलेलं, ती काजळी. म्हणजे काजळ हे मुद्दाम केलेलं, डोळ्यांत घालायचं. काजळी आपसूक धरते आणि बहुतेक वेळा नकोशी असते.

वातीच्या जळक्या टोकालाही आम्ही काजळीच म्हणतो, ‘समईची काजळी झाड गं’ असं. चुलीवरच्या आढ्याला लोंबणारी ती घरोसा. भांडं चुलीवर ठेवण्याआधी बुडाला ओल्या राखेचा लेवा द्यायचे, म्हणजे घासताना काळं सहज निघायचं.

धागा काढणारा:

ताई, तुमच्या पाण्याच्या थेंबाने मला अख्खं पान मिळालं. ताजी काजळी पाण्याला जवळ करत नाही, तेलकट रेणूंना मात्र धरून ठेवते. इंजिनात तेच होतं. धूर थंड होत बाहेर येतो तेव्हा त्यातल्या तेलकट वाफा या कणांवर बसतात. त्याला पुस्तकी शब्द ‘अधिशोषण’. मी मुलांसाठी ‘माखणे’ वापरणार आहे. ‘मुरणे’ म्हटलं तर आत शिरलं असा अर्थ होतो, आणि इथे बराचसा खेळ पृष्ठभागावर चालतो.

आणि राखेचा उल्लेख आला ते फार बरं झालं. राख म्हणजे जळून उरलेलं, काजळी म्हणजे जळायचं राहून गेलेलं. सायलेन्सरमधल्या काळ्यात दोन्ही असतं: काजळी पेट्रोलची, राख इंजिन ऑइलमधल्या कॅल्शियम, जस्त, फॉस्फरसची. काजळी पुन्हा जाळता येते. राख येत नाही.

आता कणाच्या बांधणीचे शब्द. मूळची गोळी 10 ते 50 नॅनोमीटरची. माणसाचा केस साधारण 70 हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज घ्या. तिच्या आत कार्बनचे पापुद्रे कांद्यासारखे वळलेले असतात. या गोळ्या एकेकट्या क्वचितच फिरतात. एकमेकींना चिकटून त्यांचे वेडेवाकडे, पोकळ समूह होतात. गोळीला मी ‘मणी’ म्हणतोय. समूहाला ‘माळ’ लिहिलं होतं, पण माळ एका दोऱ्यात असते आणि हे फाटे फुटलेलं असतं. ‘घड’ कसा वाटतो? द्राक्षाच्या घडात मणी पक्के जोडलेले असतात, तसे इथेही. दोन-तीन घड नुसते एकमेकांना टेकून राहिले, हलवलं की सुटतील असे, तर त्याला ‘पुंजका’.

पुण्याहून:

‘घड’ उत्तम, द्राक्षांच्या भागातल्या पोरांना लगेच कळेल. एक शंका: काजळी म्हटलं की डोळ्यांपुढे बसलेली वस्तू येते. धुरातून हवेत जाणाऱ्या, न दिसणाऱ्या कणांना तोच शब्द चालेल का? मी उत्सर्जन तपासणीत काम करतो. तिथे हे कण अक्षरशः मोजतात, कारण वजनात ते भरतच नाहीत. युरोपात 2017 पासून थेट इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल सरळ सिलिंडरात फवारणाऱ्या, नव्या पेट्रोल गाड्यांना एका किलोमीटरमागे 60 हजार कोटी कणांची मर्यादा लागली. वजनाची मर्यादा आहे फक्त 4.5 मिलिग्रॅम. मोजण्याआधी नमुना तापवून वाफ होणारं सगळं उडवून लावतात, आणि उरलेल्या घन कणांतले 23 नॅनोमीटरच्या वरचे मोजतात. म्हणजे ताईंच्या भाषेत, तूप काढून टाकून नुसती काजळी मोजायची.

धागा काढणारा:

शंका रास्त आहे. उडणाऱ्याला ‘काजळीचे कण’ किंवा ‘काजळकण’ लिहीन, बसलेल्याला नुसतं ‘काजळी’. शब्दाचा आवाका मात्र जुना आहे. ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायात ‘मी अविवेकाची काजळी । फेडूनि विवेकदीप उजळी’ असं आहे. तिथलं ‘फेडणे’ क्रियापद मला मोलाचं वाटतं. नव्या पेट्रोल गाड्यांत धुरातले कण अडवायला गाळणी असते, तिच्यात अडकलेली काजळी जाळून टाकावी लागते. त्या क्रियेला ‘पुनर्निर्मिती’ असा भलताच शब्द वाचला होता. ‘गाळणीची काजळी फेडणे’ यात काय होतं ते सरळ कळतं.

एवढ्या चर्चेनंतर पहिला परिच्छेद असा झालाय. सांगलीच्या दादांनी खास वाचावा:

‘जुन्या एमपीएफआय इंजिनात पेट्रोल सिलिंडरच्या बाहेर फवारलं जातं आणि आत शिरेपर्यंत त्याची वाफ व्हायला सवड मिळते. थेट इंजेक्शनमध्ये फवारा सरळ सिलिंडरात सुटतो. इंजिन थंड असेल तर थोडं पेट्रोल पिस्टनच्या डोक्यावर ओलंच बसतं आणि हवेत न मिसळता पिवळ्या ज्योतीने जळतं. घरची शेगडी निळी जळते तोवर पातेलं स्वच्छ राहतं, ज्योत पिवळी झाली की बूड काळं होतं. तो पिवळेपणा तापून उजळलेल्या काजळीचाच असतो. तिचे मणी जुळून घड होतात, घडांवर तेलकट वाफा माखतात आणि ते सायलेन्सरमधून बाहेर पडतात. गाळणी असेल तर तिथे अडकतात. चालकाने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की पेट्रोल बंद होऊन नुसती हवा तापलेल्या गाळणीतून जाते आणि काजळी फिटते. राख तिथेच राहते. गॅरेजात या सगळ्याला मिळून कार्बन म्हणतात.’