प्लेस्टेशन २ चे गेम लॅपटॉपवर चालवताना वेग का पडतो, आणि बायोसचे काय करावे?

रविवारचा_खेळाडू (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे प्लेस्टेशन २ चे स्लिम यंत्र आणि दोन खोकी भरून मूळ डिस्क आहेत. यंत्र अजून सुरू होते, पण त्याची लेन्स थकली आहे. निळसर पाठीच्या सीडी ते ओळखतच नाही आणि डीव्हीडी घेतली तरी अर्ध्या वाटेत अडकते. नवी लेन्स बसवण्यापेक्षा हे गेम लॅपटॉपवर एम्युलेटरमधून (दुसऱ्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रणालीतून) चालवावेत असा विचार आहे, कारण यातले काही गेम मला आता दुसऱ्या मार्गाने खेळता येणार नाहीत. हैदराबादेत तयार झालेला २००९ चा ‘हनुमान: बॉय वॉरियर’, कबड्डी आणि विटीदांडू असलेला ‘देसी अड्डा’, आणि ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ हे भारतात बनलेले गेम संगणकासाठी निघालेच नाहीत.

एका जुन्या व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे मी पीसीएसएक्स२ या एम्युलेटरची १.६ ही आवृत्ती घेतली आणि मूळच्या चौपट रिझोल्यूशन ठेवले. लॅपटॉपला स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड आहे, आणि त्याचा वापर चाळीस टक्क्यांच्या वर जात नाही, तरीही पडद्यावर गर्दी झाली की वेग ७० टक्क्यांवर येतो. एफपीएसचा (सेकंदाला किती चित्रे, त्याचा) आकडा काही गेममध्ये ५० आणि काहींत २५ दिसतो, तर मित्राच्या संगणकावर तोच आकडा ६० असतो. शिवाय दोन गेममध्ये संपूर्ण चित्रावर बारीक उभ्या रेषा येतात. एम्युलेटरला लागणारी बायोसची (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीची) फाइल सध्या मित्राने दिलेली वापरतो आहे, पण ते कायद्यात बसते का, हेही जाणून घ्यायचे आहे.

आज्ञावली:

धागाकर्ते, तुमच्या वर्णनातच निदान दडलेले आहे. ग्राफिक्स कार्ड चाळीस टक्क्यांवर आहे आणि वेग सत्तरवर, याचा अर्थ अडचण प्रोसेसरची आहे. खात्री करायची असेल तर एम्युलेटरच्या सेटिंगमधून पडद्यावर प्रोसेसरचा वापर दाखवायला सांगा. तिथे ईई (मुख्य प्रोसेसर), जीएस (ग्राफिक्स चिप) आणि व्हीयू (आकडेमोडीचे व्हेक्टर युनिट) असे वेगवेगळे आकडे दिसतात. गर्दीच्या प्रसंगी ईईचा आकडा शंभराला टेकत असेल, तर रिझोल्यूशन कमी करून काहीही फरक पडणार नाही.

या यंत्राच्या मुख्य प्रोसेसरचा, म्हणजे इमोशन इंजिनचा वेग जेमतेम २९५ मेगाहर्ट्झ, मुख्य मेमरी ३२ एमबी आणि ग्राफिक्स चिपच्या पोटातली मेमरी अवघी ४ एमबी होती. हे आकडे पाहिले की आजच्या लॅपटॉपला यात काय जड आहे असे कुणालाही वाटेल. जड आहे ते असे, की त्या यंत्रात मुख्य प्रोसेसर, दोन व्हेक्टर युनिट, ग्राफिक्स चिप, आवाजाची चिप आणि इनपुट-आउटपुट सांभाळणारा पहिल्या प्लेस्टेशनचाच प्रोसेसर, हे सगळे एकाच वेळी चालत आणि एकमेकांची वेळ चुकवत नसत. गेम लिहिणाऱ्यांनीही ती वेळ गृहीत धरूनच काम केले होते. एम्युलेटरला हे सगळे वेळापत्रक सांभाळत मूळ प्रोसेसरच्या मिप्स आज्ञा चालू गेममध्येच संगणकाच्या एक्स८६ आज्ञांत बदलाव्या लागतात. यातला बहुतेक भार एकाच थ्रेडवर (एका वेळी एकाच कोअरवर चालणाऱ्या कामावर) पडतो, ग्राफिक्सचा दुसऱ्यावर जातो आणि एमटीव्हीयू ही सेटिंग चालू असेल तर दुसरे व्हेक्टर युनिट तिसऱ्यावर. त्यामुळे आठ किंवा बारा कोअर असून इथे फारसा उपयोग होत नाही. एका कोअरचा वेग किती, एवढेच महत्त्वाचे ठरते. नेमके हेच पातळ लॅपटॉपमध्ये कमी पडते, आणि बॅटरीवर चालवताना तर फारच.

आता उपाय. १.६ काढून टाका. ती २०२० ची आवृत्ती आहे. जुलै २०२४ मध्ये २.० आली, तिच्यात वेगवेगळ्या प्लगइनची जुनी भानगड उरलेली नाही आणि व्हल्कन रेंडरर (चित्र काढणारा भाग) उपलब्ध आहे. जुन्या सेटिंगच्या फाइल नव्या आवृत्तीत आणू नका. चार्जर लावून ठेवा, विंडोजमधला पॉवर मोड सर्वाधिक कामगिरीवर ठेवा, आणि एमटीव्हीयू चालू आहे ना ते पाहा. एवढे करूनही एखादा गेम अडलाच, तर फक्त त्या गेमच्या सेटिंगमध्ये ईई सायकल रेट (नकली मुख्य प्रोसेसरचा वेग) एक पायरी खाली आणा. सर्व गेमसाठी एकदम बदल करू नका, कारण एकाला जे औषध ते दुसऱ्याला विष ठरते.

जुने व्हिडिओ पाहून सेटिंग बदलत बसू नका, असे मी आग्रहाने सांगेन, आणि त्याचे कारण या यंत्राच्या गणितात आहे. आपल्या संगणकातली दशांश संख्यांची आकडेमोड आयईईई ७५४ या प्रमाणानुसार होते, तर प्लेस्टेशन २ मध्ये अनंत ही किंमतच नव्हती, अतिसूक्ष्म संख्या सरळ शून्य मानल्या जात आणि उत्तर नेहमी शून्याच्या दिशेने छाटले जाई. शेवटच्या बिटात पडणारा हा फरक बहुतेक गेममध्ये कळतही नाही, पण एखाद्या गेममध्ये त्यामुळे पात्र जमिनीतून खाली जाते किंवा संगणकाचा प्रतिस्पर्धी जागच्या जागी गोल फिरत राहतो. त्यासाठी राउंडिंगचे (उत्तर कसे छाटायचे) आणि क्लॅम्पिंगचे (किंमत मर्यादेत ठेवण्याचे) पर्याय आहेत, आणि कोणत्या गेमला कोणता लागतो याची नोंद एम्युलेटरसोबत येणाऱ्या गेमडीबी या यादीमध्ये डिस्कच्या क्रमांकानुसार आधीच केलेली असते. हाताने बदल केला की आपण त्या नोंदीवर बोळा फिरवतो.

उभ्या रेषांसाठी गेम चालू असताना एफ९ दाबून पाहा, त्याने सॉफ्टवेअर रेंडरर सुरू होतो. रेषा गेल्या तर दोष वाढवलेल्या रिझोल्यूशनचा आहे असे समजा. ग्राफिक्स चिपची ती ४ एमबी मेमरी छोटी असली तरी अतिशय वेगवान होती, म्हणून अनेक गेम तयार झालेले चित्र अरुंद उभ्या पट्ट्यांमध्ये पुन्हा पुन्हा स्वतःवर रंगवून धूसरपणा किंवा चकाकी आणत. चित्र चौपट केले की या पट्ट्यांच्या कडा एकमेकींना नीट भिडत नाहीत आणि तिथे रेघ उमटते. त्या गेमच्या सेटिंगमध्ये हाफ पिक्सल ऑफसेट आणि अलाइन स्प्राइट असे पर्याय सापडतील. एका वेळी एकच बदलून पाहा. तुमचा पडदा १०८० ओळींचा असेल तर तिप्पट रिझोल्यूशन पुरे आहे, चौपट ठेवण्यात हशील नाही.

कोर्टाची_पायरी:

वरच्या प्रतिसादाला +१. बायोसबद्दल मी लिहिते, कारण वकिली हाच माझा व्यवसाय आहे. अर्थात हा व्यक्तिगत सल्ला नसून कायद्यातल्या तरतुदीची माहिती समजावी.

एम्युलेटर वापरणे हा गुन्हा नाही. अमेरिकेत कनेक्टिक्स कंपनीने मॅकवर प्लेस्टेशनचे गेम चालवणारा एम्युलेटर काढला तेव्हा सोनीने तिला न्यायालयात खेचले होते, आणि २००० साली नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने निकाल कनेक्टिक्सच्या बाजूने दिला. २०२४ मध्ये निन्टेन्डोच्या स्विच या यंत्राचा युझू हा एम्युलेटर बंद पडला आणि त्याच्या निर्मात्यांनी निन्टेन्डोला २४ लाख डॉलर देण्याचे मान्य केले, तो मामला वेगळा होता. तिथे वादाचा गाभा गेमवरील कुलूप फोडण्याचा होता आणि प्रकरण तडजोडीने मिटल्यामुळे त्यातून कायद्याचा नवा निर्णयही निघाला नाही.

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये, पहिल्या पोटकलमाच्या ‘एए’ या खंडात, संगणक प्रणालीची प्रत कायदेशीररीत्या ज्याच्या ताब्यात आहे त्याला, ती ज्या कामासाठी दिली गेली त्या कामासाठी वापरण्याकरिता, तसेच हानी किंवा नाश यांपासून तात्पुरता बचाव म्हणून, त्याच प्रतीवरून आणखी प्रत काढण्याची मुभा आहे. ‘त्याच प्रतीवरून’ हा भाग लोक वाचतच नाहीत. डिस्क तुमच्या कपाटात असली तरी तोच गेम एखाद्या संकेतस्थळावरून उतरवला, तर ती तुमच्या प्रतीवरून काढलेली प्रत होत नाही. मित्राने दिलेल्या बायोसलाही हेच लागू आहे: ती फाइल त्याच्या यंत्रातून निघाली, तुमच्या नव्हे. तुमचे यंत्र अजून चालते आहे, तेव्हा बायोस त्यातूनच काढा. त्या काळी पदपथावर सर्रास मिळणाऱ्या, चिप बसवलेल्या यंत्रावर चालणाऱ्या नकली डिस्क कोणाकडे असतील तर त्यांना या मुभेचा आधार घेता येत नाही, कारण त्यांची मूळ प्रतच कायदेशीर नाही.

२०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५-ए संरक्षक उपाय भेदण्याबद्दल आहे, मात्र त्यात हक्कभंग करण्याचा हेतू असावा लागतो. माझ्या मते स्वतःच्या डिस्कची स्वतःच्या वापरासाठी प्रत काढणाऱ्याला त्याचे भय बाळगण्याचे कारण नाही. ती फाइल चार जणांना वाटली की चित्र बदलते.

जुना_डबा:

यंत्रातून बायोस काढण्याची रीत सांगतो. डिस्क जाळून चालवण्याचा फ्रीडीव्हीडीबूट हा मार्ग तुमच्या थकलेल्या लेन्सला झेपणार नाही, त्यामुळे फ्रीएमसीबूट (डिस्कशिवाय इतर प्रणाली सुरू करणारी सोय) असलेले मेमरी कार्ड घ्या. त्याला लेन्सची गरजच पडत नाही. आधी यंत्र उलटे करून मॉडेल क्रमांक वाचा. ९०००० मालिकेतल्या उशिराच्या यंत्रांवर फ्रीएमसीबूट चालत नाही, तिथे ओपनट्यूना हा तसाच पर्याय लागेल. कार्ड लावून यंत्र सुरू केले की पेन ड्राइव्हवरून बायोसड्रेन ही बायोस काढणारी प्रणाली चालवा. पेन ड्राइव्ह एफएटी३२ प्रकारचा हवा. यंत्राचे यूएसबी १.१ असल्यामुळे गती अगदी गोगलगायीची आहे, पण मुख्य रॉम ४ एमबीचाच असल्याने त्याचा फारसा त्रास होत नाही.

डिस्कसाठी प्लेस्टेशनची आवश्यकता नाही. संगणकाच्या साध्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये त्या वाचता येतात. डीव्हीडीची आयएसओ फाइल (संपूर्ण डिस्कची प्रत) इमेजबर्न या प्रणालीने बनवा. निळ्या सीडीवर मात्र कधी कधी ध्वनीचे वेगळे ट्रॅक असतात, म्हणून तिची बिन आणि क्यू अशी जोडी काढणे सुरक्षित. ओरखडे असलेली डिस्क पुसताना मऊ कापड केंद्राकडून कडेकडे सरळ फिरवावे, गोलाकार नव्हे. प्रत झाली की तिचा हॅश (फाइलची आकडी खूण) रीडम्प या मूळ डिस्कच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळाच्या यादीशी ताडून पाहा. जुळला तर प्रत निर्दोष आहे आणि पुढे गेम बिघडला तरी डिस्कवर संशय घेण्याचे कारण उरत नाही. जागा वाचवायची असेल तर नंतर सीएचडी या आकुंचित स्वरूपात रूपांतर करा, पीसीएसएक्स२ ते थेट वाचते.

आणखी एक. जुन्या मेमरी कार्डवर तुमचे सेव्ह असतील तर त्याच कार्डाने सुरू होणाऱ्या युलाँचईएलएफ या फाइल हाताळणाऱ्या प्रणालीतून ते पीएसयू स्वरूपात पेन ड्राइव्हवर घ्या. संगणकावरच्या आभासी कार्डात ते मायएमसी ही प्रणाली वापरून घालता येतात. यापुढेही सेव्ह गेमच्या आतूनच करत चला. एम्युलेटरची सेव्ह स्टेट (खेळाच्या त्या क्षणाची जशीच्या तशी नोंद) सोयीची वाटते, पण आवृत्ती बदलली की ती उघडेलच याची शाश्वती नाही.

रविवारचा_खेळाडू:

सर्वांचे मनापासून आभार. वाचनखूण साठवली आहे. नवी आवृत्ती टाकून चार्जर लावताच वेग १०० टक्क्यांवर आला, फक्त एका गेमला ईई सायकल रेट कमी करावा लागला. रेषाही गेल्या. यंत्राखाली ७०००० मालिकेतला क्रमांक आहे, त्यामुळे फ्रीएमसीबूटचे कार्ड मागवतो आहे आणि तोवर मित्राची फाइल बाजूला ठेवली आहे. पण एफपीएसचा आकडा अजूनही ५० च आहे. तो ६० कसा करायचा?

आज्ञावली:

तो ६० करू नका. त्या काळी भारतातील दूरचित्रवाणी पाल पद्धतीची, म्हणजे सेकंदाला ५० फील्डची (फील्ड म्हणजे एकाआड एक ओळींचे अर्धे चित्र) होती, त्यामुळे इथे अधिकृतपणे विकल्या गेलेल्या डिस्कही पालच्याच आहेत. डिस्कचा क्रमांक एसएलईएस किंवा एससीईएस या अक्षरांनी सुरू होतो का ते पाहा. मित्राकडे बहुधा एसएलयूएसने सुरू होणाऱ्या अमेरिकी डिस्क असाव्यात, ज्या ६० वर चालतात. तुमच्या गेमसाठी ५० म्हणजेच पूर्ण वेग. जिथे २५ दिसते तिथे शेजारचा व्हीपीएसचा (सेकंदाला किती फील्ड, त्याचा) आकडा वाचा. तो ५० असेल तर गेम मुळातच एक फील्ड सोडून चित्र काढतो आहे आणि सारे ठीक आहे. मर्यादा जबरदस्तीने ६० वर नेली तर खेळ वीस टक्के जलद पळेल आणि संगीतही घाईत वाजेल.

काही पाल गेम सुरू होतानाच ६० हर्ट्झची निवड विचारतात, तिथे ती खुशाल घ्या. काही गेममध्ये मात्र मूळ जपानी किंवा अमेरिकी गेम पालमध्ये आणताना वेग सुधारलाच नव्हता, त्यामुळे ते त्या काळीही एक षष्ठांश संथ चालत आणि चित्राच्या वर-खाली काळ्या पट्ट्या राहत. अशा गेमसाठी ६० हर्ट्झचे पीनॅच पॅच (गेममध्ये बदल करणाऱ्या छोट्या फाइल) मिळतात. ‘देसी अड्डा’सारख्या भारतात बनलेल्या गेमला त्याची गरज नसावी. ५० ची हालचाल ६० हर्ट्झच्या पडद्यावर किंचित धक्के देत दिसते, तेवढे मात्र खरे. लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ किंवा व्हेरिएबल रिफ्रेश रेटचा पर्याय असेल तर तो निवडून पाहा.