निळ्या दिव्यात झोआ झगमगतात, सकाळी पुन्हा तपकिरी!

कोथरूडचा_खारट:
दोन फुटी खाऱ्या पाण्याची टाकी आहे, आठ महिने झाले. झोआ (बटणासारखे छोटे प्रवाळ) आणले तेव्हा हिरव्या तोंडाचे, नारिंगी झालरीचे होते. दोन महिन्यांत पार चहाच्या चोथ्यासारखे झाले. दुकानदार म्हणाला, "यूव्ही पट्टी लावा, रंग सुटेल." लावली. रात्री पांढरा दिवा बंद केला की असे काही पेटतात, की आई मालिका सोडून बघायला आली! पण सकाळी पांढरा लावला की परत चोथा. महिना झाला. अजून एक पट्टी घेऊ का?

पेठेतला_मासेवाला:
अजिबात घेऊ नकोस. पट्टीवर ४००-४२० नॅनोमीटर लिहिलं असेल तर तो नुसता जांभळा उजेड, यूव्ही ४०० च्या खाली. दांडियाच्या मंडपात पांढरा शर्ट चमकतो ना? घरी आल्यावर तो आहे तसाच. प्रवाळातली प्रथिनं निळा-जांभळा उजेड पितात आणि हिरवा, नारिंगी सोडतात. पांढऱ्या उजेडात ती चमक बुडते, एवढंच. तपकिरी रंग त्याच्या अंगात राहणाऱ्या शेवाळाचा. पाण्यात नायट्रेट (कुजलेल्या अन्न-घाणीतून तयार होणारा क्षार) साचलं किंवा उजेड कमी पडला की ते माजतं. नायट्रेट मोजलंस का?

औंधची_काकू:
आणि बाळा, 'यूव्ही द्या' म्हणून मागू नकोस रे. मला एकदा पाणी निर्जंतुक करायची २५४ नॅनोमीटरची ट्यूब दिली होती, टाकीवर टांगायला! ती बंद नळीत असते, पाणी आतून फिरतं. उघडी लावलीस तर प्रवाळ भाजेल आणि तुझे डोळेही.

कोथरूडचा_खारट:
मोजलं. ५० पीपीएम! रोज दोनदा कोळंबी टाकतो, उरलेली दगडामागे कुजत होती.

पेठेतला_मासेवाला:
सापडला चोर. आठवड्याला १०-१५ टक्के पाणी बदल. नायट्रेट शून्यावर मात्र नेऊ नकोस, फिके पडतील. मुख्य दिवा हळूहळू वाढव. एकदम वाढवलास तर शेवाळ बाहेर टाकून पांढरेफटक होतील. आणि रंगाच्या मोहात कुणाकडून अॅक्रोपोरा घेऊ नकोस. त्याच्यासारखे कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

कोथरूडचा_खारट:
झोआच बास, काका. कोळंबी उपसली, वासाने घरभर खिडक्या उघडल्या. पट्टी रात्री नऊ ते दहा चालू ठेवतो. आईची मालिका सुटलीये.