मदत हवी आहे : जर्मन पक्षाचा मीनाकारी बिल्ला, मागचे शिक्के जुळत नाहीत

मी जर्मनीत राहतो. युद्धकाळातल्या जर्मन संघटनांचे बिल्ले अभ्यासासाठी जमवतो, विकायचे नाहीत. अलीकडे जुन्या बाजारात नाझी पक्षाचा सदस्य-बिल्ला मिळाला. गोल, व्यास २३ मि.मी., लाल कड्यात पांढरी अक्षरं, मध्ये पांढऱ्यावर काळं चिन्ह. विक्रेत्याला त्याचा इतिहास माहीत नव्हता.

अडलंय ते मागच्या बाजूला. तिथे 'गेस. गेश.' (कायद्याने संरक्षित) आहे आणि आरझेडएमचा गोल शिक्काही, 'एम१/' सकट. पुढचा आकडा झिजलाय. पहिला ६ असावा. आरझेडएम म्हणजे पक्षाचे बिल्ले बनवायचे परवाने देणारी त्या काळची म्युनिकची कचेरी, आणि एम१ नंतरच्या आकड्यावरून कारखाना कळतो. म्हणून तो आकडा महत्त्वाचा.

भिंगाखाली पाहिलं : लाल मीना काचेसारखा चकाकतो, कडेला एक बारीक टवका उडालाय आणि आत धातू दिसतो. लोहचुंबकाला चिकटत नाही. पिन डाख दिलेली, आणि डाखाचा रंग बाकी धातूपेक्षा नवा वाटतो. हीच शंका खाते आहे. सुई टोचून मीना तपासणार नाही, पॉलिशही करणार नाही. हे चिन्ह जाहीरपणे दाखवण्यावर इथे जर्मन दंडसंहितेचं कलम ८६अ लागू होतं, त्यामुळे पुढचा फोटो टाकत नाही. मागचा लगेच देतो.

दोन्ही शिक्के एकाच अस्सल बिल्ल्यावर असतात का? आणि झिजलेला आकडा धातूला धक्का न लावता कसा वाचता येईल?