मदत हवी आहे: साडेचार वर्षांच्या मुलीच्या साखरेतील चढउतारांचे कारण सापडत नाही

आमच्या साडेचार वर्षांच्या मुलीला टाइप १ मधुमेह असून तिला रात्री दीर्घकाळ आणि जेवणाआधी जलद काम करणारे इन्सुलिन दिले जाते. जेवण, कर्बोदकांचा हिशेब आणि डोस तेच असतानाही एखाद्या पहाटे तिच्या रक्तातील साखर ६० मिग्रॅ/डेसिलिटरपर्यंत उतरते, तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ती ३०० च्या वर असते. इंजेक्शनची जागा आम्ही रोज बदलतो, त्वचेखाली गाठी नाहीत याची डॉक्टरांकडून खात्री केली आहे, आणि न उघडलेले इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांतच ठेवतो. संध्याकाळच्या खेळाचा परिणाम मध्यरात्रीनंतरही दिसू शकतो हे ठाऊक आहे. पण ती फारशी न खेळलेल्या दिवशीही साखर उतरते, आणि झोपेत तिला काहीच सांगता येत नाही, याची फार धास्ती वाटते. इतक्या लहान मुलांच्या पालकांनी रात्रीची तपासणी कशी आखली, साखर सतत मोजणारा, त्वचेवर चिकटवायचा सेन्सर दंडावर नीट टिकतो का, अर्ध्या-अर्ध्या युनिटने इन्सुलिनचा डोस देता येणारे पेन कितपत उपयोगी पडले, हे कृपया सांगावे. डोस डॉक्टरांना विचारूनच बदलू. त्यांच्यापुढे ठेवण्यासाठी आपण कोणत्या नोंदी करता, तेही कळवावे.